स्वतःच्या गाण्यांचा पहिला अल्बम काढताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्वतः लिहिणाऱ्या, स्वतःच चाल लावणाऱ्या आणि गाणाऱ्या मराठी कलाकाराला पहिला अल्बम काढताना पडणारे हे प्रश्न आहेत. पैसा तुमचा, निर्णय तुमचे आणि पाठीशी कुठलीही कंपनी नाही, असं इथे धरलं आहे.

किती गाणी झाली की त्याला अल्बम म्हणतात?

सात किंवा जास्त गाणी असतील, किंवा एकूण लांबी ३० मिनिटांच्या वर जात असेल, तर स्पॉटिफाय आणि ॲपल म्युझिक त्याला अल्बम धरतात. चार ते सहा गाणी अर्ध्या तासाच्या आत बसली की ईपी, म्हणजे छोटा अल्बम. म्हणजे साडेचार मिनिटांची सहा गाणी केलीत, तर मुखपृष्ठावर कितीही ठळक 'अल्बम' लिहा, तिथे ते ईपीच दिसणार. पहिल्या खेपेला आठ-नऊ गाणी आणि ३५ ते ४० मिनिटं हे माप झेपतं.

गाणी निवडायची कशी?

बारा-चौदा गाण्यांचे डेमो (कच्ची रेकॉर्डिंग) फोनवरच करा, नुसत्या पेटीवर किंवा गिटारवर. मग तीन-चार आठवडे ते ऐकू नका. नंतर एका बैठकीत सगळे ऐकले की दोन गाण्यांत एकच मुखडा वेगळ्या शब्दांत येऊन बसलाय, हे लगेच कळतं. प्रत्येक गाण्यापुढे पट्टी, ताल, गती आणि लांबी लिहून एक तक्ता करा. त्यात ओळीने पाच गाणी काळी एक पट्टी, केहरवा ताल, ८५ ते ९५ बीपीएम (मिनिटाला ठोके) अशी निघाली, तर शब्द कितीही वेगळे असोत, ऐकणाऱ्याला ते एकच गाणं वाटतं. हा दोष एकहाती काम करणाऱ्यांत फार दिसतो, कारण हात नेहमीच्याच जागी पडतो.

अभंग, ओवी किंवा जुन्या कवीची कविता घ्यायची असेल तर परवानगी लागते का?

शब्द आणि चाल हे दोन वेगळे हक्क आहेत, गोंधळ तिथेच होतो. तुकोबांचे शब्द सगळ्यांचे. पण ज्या चालीत तो अभंग घराघरात ऐकला जातो, ती चाल बहुतेक वेळा गेल्या शतकातल्या एखाद्या संगीतकाराची असते आणि तिचा हक्क जिवंत असू शकतो. 'पारंपरिक चाल' असं लिहिण्याआधी ती खरंच पारंपरिक आहे का, हे जुन्या ध्वनिमुद्रिकेवरच्या श्रेयात पाहा. शंका असेल तर स्वतःची चाल लावा. नाहीतरी अल्बम त्यासाठीच आहे.

कवितेचा हक्क कवीच्या हयातीत आणि निधनानंतर ६० वर्षं राहतो. ही वर्षं निधनानंतरच्या १ जानेवारीपासून मोजतात. बालकवींचं निधन १९१८ चं, त्यामुळे त्यांच्या कविता मोकळ्या आहेत. सुरेश भटांचं निधन २००३ चं, म्हणजे त्यांच्या गझलांसाठी २०६३ अखेरपर्यंत वारसांची किंवा हक्कधारकांची लेखी परवानगी हवी. मरणोत्तर प्रकाशित झालेल्या साहित्याची ६० वर्षं मात्र प्रकाशनापासून धरतात. बहिणाबाई चौधरी १९५१ मध्ये गेल्या आणि त्यांची गाणी १९५२ मध्ये छापली गेली, म्हणून तो हक्क २०१२ अखेर संपला. जात्यावरच्या ओव्यांचा मजकूर एखाद्या संशोधकाच्या संग्रहातून घेतला असेल, तर कायदा काहीही म्हणो, संग्राहकाचं नाव श्रेयात घाला.

दुसऱ्याच्या गाण्याचं कव्हर, म्हणजे तेच गाणं आपल्या आवाजात नव्याने रेकॉर्ड करणं, पहिल्या अल्बममध्ये टाळलेलं बरं. कायद्यात वैधानिक परवान्याची, म्हणजे मालकाला ठरलेली रॉयल्टी भरून कव्हर करण्याची, सोय आहे. पण मूळ रेकॉर्डिंग झालं त्या वर्षानंतर पाच कॅलेंडर वर्षं उलटावी लागतात, आणि वर्षाला किमान ५०,००० प्रतींच्या हिशेबाने रॉयल्टी आधी मोजावी लागते.

शब्द-चाल माझी, संगीत संयोजन दुसऱ्याचं. मालक कोण?

गाण्यात तीन वेगवेगळ्या वस्तू असतात: शब्द, चाल आणि रेकॉर्डिंग. पहिल्या दोन्हींचे मालक तुम्ही. रेकॉर्डिंगचा मालक म्हणजे निर्माता, अर्थात ज्याने ते घडवून आणण्यात पुढाकार घेतला आणि जबाबदारी उचलली तो. म्हणून स्टुडिओची आणि वादकांची बिलं तुमच्याच नावावर घ्या आणि जपून ठेवा. 'बिल कशाला, मित्रच आहोत' हे वाक्य ऐकलं की हमखास बिल मागा.

संयोजकाने अंतऱ्याआधीचा बासरीचा तुकडा बांधला आणि तो गाण्याची ओळख ठरला, तर वाद तिथूनच सुरू होतो. स्टुडिओत पाऊल टाकण्याआधी प्रत्येक गाण्याचा एक कागद करा. त्यावर एवढं पुरतं:

गाणं क्र. ४. शब्द: १०० टक्के अमुक. चाल: ८० टक्के अमुक, २० टक्के तमुक (अंतऱ्याआधीचा तुकडा). रेकॉर्डिंगची मालकी: अमुक. संयोजन आणि वादन: एकरकमी मानधन, श्रेयात नाव. दोघांच्या सह्या, तारीख.

हक्क देण्या-घेण्याचा करार लेखी आणि सही केलेला असेल तरच तो कायद्यापुढे टिकतो. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची धरतात, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. उद्या एखाद्या कंपनीने अल्बम मागितला तर 'सर्व हक्क, कायमस्वरूपी, जगभर' हे शब्द कुठे आहेत ते आधी शोधा. कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकार आपला रॉयल्टीचा वाटा वारसांना किंवा कॉपीराइट संस्थेलाच देऊ शकतात. करारात तो सोडून दिल्याचं लिहिलं असलं तरी त्याला अर्थ नाही.

कॉपीराइट नोंदणी करावीच लागते का?

नाही. गाणं लिहिलं किंवा रेकॉर्ड केलं की हक्क आपोआप मिळतो, नोंदणी हा फक्त पुरावा. शब्दांची किंवा चालीची नोंदणी प्रत्येकी ५०० रुपये, ध्वनिमुद्रणाची २००० रुपये. अर्जानंतर हरकतींसाठी ३० दिवस थांबावं लागतं. नऊ गाण्यांचं सगळंच नोंदवायला गेलात तर २७,००० रुपये होतात. पैसे कमी असतील तर निदान शब्दांची करा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे आयपीआरएसचं सभासदत्व. गीतकार-संगीतकारांची ही संस्था १९६९ पासून आहे. रेडिओ, हॉटेलं, कार्यक्रम, ऑनलाइन वापर इथून शब्द आणि चालीचा पैसा तीच गोळा करते. तुमचा वितरक, म्हणजे स्पॉटिफायसारख्या ठिकाणी गाणी पोचवणारी कंपनी, हा पैसा आणत नाही. तो फक्त रेकॉर्डिंगचा पैसा आणतो.

खर्च किती येईल?

मुंबई-पुण्याचे दर आणि सांगली-लातूरचे दर एका तक्त्यात बसत नाहीत, म्हणून आधी स्टुडिओच्या शिफ्टी (ठरावीक तासांच्या पाळ्या) मोजा आणि मग त्यांना आपल्या गावचा दर लावा. आठ गाण्यांसाठी साधारण हिशेब असा: तबला-ढोलकी आणि तालवाद्यं २ शिफ्टी, पेटी, गिटार, बास मिळून ३, बासरी किंवा व्हायोलिन १, गायन ४ ते ५, कोरस १, संपादन २. म्हणजे १३-१४ शिफ्टी. मिक्सिंगला, म्हणजे सगळे आवाज जुळवून एकत्र करायला, गाण्यामागे एक दिवस. यावर २० टक्के जादा धरा, कारण एखादं गाणं परत गावंच लागतं. शिफ्ट चार तासांची की आठ, आणि माइक लावण्यातला वेळ त्यात धरतात की नाही, हे बुकिंग करतानाच विचारा.

पैसे जातात ते स्टुडिओत बसून अंतरा दुरुस्त करण्यात. शब्द, पट्टी, गती आणि रचना घरी पक्की झालेली असेल तर वरचा हिशेब खरा ठरतो. नाहीतर दीडपट धरा.

पट्टी कशी ठरवायची?

वरच्या स्वराला गळा पोचतो का, एवढंच बहुतेक जण पाहतात. खालचा शब्दही तपासा. मुखड्यातला सगळ्यात खालचा स्वर माइकवर पुटपुटल्यासारखा आला तर अर्धी पट्टी चढवा. ज्या पट्टीत तुम्ही दीड तासाच्या कार्यक्रमाच्या शेवटीही हे गाणं म्हणू शकता, ती खरी. स्टुडिओत तुकड्या-तुकड्याने पांढरी तीनमध्ये गायलेलं गाणं मंचावर काळी एकमध्ये उतरवावं लागलं, तर वादकांची आणि ऐकणाऱ्यांची दोघांचीही पंचाईत होते.

क्लिकवर (हेडफोनमध्ये वाजणाऱ्या मेट्रोनोमच्या ठोक्यावर) गायलं की गाणं मेल्यासारखं वाटतं. क्लिक लावूच नये का?

क्लिक लावा, पण तो सरळसोट ठेवू नका. भजनी ठेक्यातली रचना शेवटच्या कडव्याकडे चढत जाते, तिला ८४ वर बांधून ठेवलं तर ती गुदमरणारच. वादकांबरोबर क्लिकशिवाय एकदा फोनवर गा आणि कुठे किती चढता ते मोजा. मग सॉफ्टवेअरमध्ये तसाच गतीचा नकाशा आखा: पहिली दोन कडवी ८४, तिसऱ्यात हळूहळू ८८, शेवटचा गजर ९६. रूपक असेल तर मेट्रोनोम सात मात्रांवर लावायला विसरू नका. चारावर ठेवला तर सम दर आवर्तनाला वेगळ्या ठोक्यावर पडते आणि तबलजी वैतागतो.

ओवी किंवा मुक्त आलापाचं गाणं मात्र क्लिकशिवाय, तानपुऱ्यावरच घ्या. तानपुरा हेडफोनमध्ये हळू ठेवा. तो माइकमध्ये झिरपला तर नंतर निघत नाही.

पेटी आणि गिटार एकत्र वाजले की बेसूर का वाटतं?

पेटी तिच्या कारागिराने लावलेल्या सुरात असते आणि ती ४४० हर्ट्झच्या (पांढरी सहाच्या सर्वमान्य कंपनसंख्येच्या) प्रमाणाला धरून असेलच असं नाही. ट्यूनरवर पेटीचा मध्य सप्तकातला पांढरी सहा लावून बघा. काटा १२ सेंट (सुराचं बारीक माप) चढा दाखवत असेल, तर ती पेटी ४४३ च्या आसपास आहे. मग गिटार, बास आणि सिंथ सगळे ४४३ वर लावायचे. सॉफ्टवेअर वाद्यांत 'मास्टर ट्यूनिंग' नावाची सोय असते, तिथे आकडा बदलला की काम झालं. पेटी शेवटी घ्यायची असं ठरवून आधी सगळं ४४० वर करून बसलात तर परतीचा रस्ता महाग आहे. म्हणून पेटी पहिल्या दिवशीच तपासा. भात्याचा आवाज फार येत असेल तर माइक वादकाच्या समोरून, पट्ट्यांच्या वर दीड-दोन फुटांवर ठेवा आणि भात्याकडे त्याची पाठ करा.

तबला-ढोलकी दर टेकला (दर वेळच्या रेकॉर्डिंगला) उतरते, काय करायचं?

हा हवेचा खेळ आहे. चामडं ओलावा पितं आणि सैल पडतं, एसीच्या कोरड्या हवेत ते आवळतं आणि सूर चढतो. पावसाळ्यात बाहेरून आणलेला तबला थेट थंड खोलीत लावला तर पहिला तासभर तो सरकतच राहतो. वाद्यं अर्धा-पाऊण तास त्याच खोलीत उघडी ठेवा आणि मग लावा. दर टेकच्या आधी दोन सेकंद नुसता सूर वाजवून रेकॉर्ड करा. दोन टेक जोडताना त्याचा फार उपयोग होतो.

तबल्याचं माप पट्टीप्रमाणे लागतं. काळी एकला साधारण सव्वापाच ते साडेपाच इंची, काळी चार-पाचला पावणेसहा ते सहा इंची. सगळ्या गाण्यांच्या पट्ट्या वादकाला चार दिवस आधी कळवल्या नाहीत, तर तो एकच तबला घेऊन येईल आणि ओढूनताणून लावेल. मग चाटेवरचा नाद कोरडा येतो. ढोलकीला दोन माइक लागतात, थापेला एक आणि शाईच्या तोंडाला एक. संबळ किंवा हलगी असेल तर ती बाकीच्या वाद्यांबरोबर एका खोलीत घेऊ नका. सगळ्या माइकमध्ये तीच शिरते.

गायन घरी रेकॉर्ड करता येईल का?

येईल. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झला वेव्ह फाइल करा. कंडेन्सर माइक तोंडापासून एक वीत, मध्ये पॉप फिल्टर. सूर सगळ्यात मोठा लागतो तिथे मीटर उणे ६ डेसिबलच्या वर जाता कामा नये. माइकच्या फार जवळ गेलात तर आवाज खर्जात फुगतो, लांब गेलात तर खोली ऐकू येते. 'भ', 'फ', 'प' वर धप्प आवाज येत असेल तर माइक थोडा तिरका करा, म्हणजे श्वास बाजूने जाईल. खोलीसाठी महागडा फोम नको. कपड्यांनी भरलेलं उघडं कपाट पाठीशी आणि समोर दोरीवर दोन जाड गोधड्या एवढ्याने काम भागतं. पंखा बंद, फ्रीज बंद, आणि फ्रीज परत चालू करायची आठवण दारावर चिकटवा.

दिवसाला दोन गाण्यांपेक्षा जास्त गाऊ नका. तिसऱ्या गाण्यातला थकवा त्या दिवशी कळत नाही, आठवड्याने कळतो.

ऑटोट्यून (सूर आपोआप दुरुस्त करणारं सॉफ्टवेअर) लावू का?

एखादा स्वर हातानं सरकवायला हरकत नाही. संपूर्ण गाण्यावर स्वयंचलित आणि वेगवान लावलं तर मींडेच्या, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याच्या, पायऱ्या होतात आणि मुरकी कापली जाते. आपल्या गाण्यात स्वरांच्या मधल्या जागेतच सगळं असतं.

मिक्स आणि मास्टर (प्रकाशनासाठी तयार केलेली अंतिम प्रत) झाल्यावर काय तपासायचं?

मिक्स तीन ठिकाणी ऐका: हेडफोन, गाडी आणि फोनचा स्पीकर. फोनवर डग्ग्याची घुमक गायब होते. लगेच बास वाढवा म्हणू नका, फोन तो भाग वाजवतच नाही. डग्ग्याच्या मधल्या पट्ट्यातला नाद थोडा उचलायला सांगा. शब्द पहिल्या ऐकण्यात कळतात का, हे गाणं माहीत नसलेल्या माणसाला लिहायला सांगून बघा. तुम्हाला ते कळणारच, तुम्हीच लिहिलेत.

स्पॉटिफाय आणि यूट्यूब मोठा आवाज साधारण उणे १४ लफ्सपर्यंत (लफ्स हे आवाजाच्या मोठेपणाचं माप) खाली आणतात, ॲपल उणे १६ च्या आसपास. म्हणजे दाबून-ठोकून मोठा केलेला मास्टर तिथे मोठा वाजत नाही, नुसता चपटा वाजतो. शिखर उणे १ डेसिबलच्या आत ठेवा.

शेवटचा हप्ता देण्याआधी हार्डडिस्क घेऊन स्टुडिओत जा. प्रत्येक गाण्याचे सुटे ट्रॅक शून्य सेकंदापासून सुरू होणारे, अंतिम मिक्स, गायनाविना मिक्स आणि मास्टर असं सगळं दोन प्रतींत घ्या. गायनाविना मिक्स कार्यक्रमांत लागतोच, आणि दोन वर्षांनी मागायला जाल तेव्हा स्टुडिओचा संगणक बदललेला असतो.

नाव रोमन लिपीत कसं लिहायचं?

एकदाच ठरवा आणि आयुष्यभर तेच ठेवा. 'ज्ञ' मराठीत डी-एन-वाय ने लिहितात, हिंदीभाषक जी-वाय ने, काही जण जे-एन ने. ज्ञानेश्वर नावाच्या गायकाची अशी तीन पानं स्पॉटिफायवर तयार होऊ शकतात आणि श्रोते तिन्हींकडे विभागले जातात. 'व' ला व्ही की डब्ल्यू, 'श्री' मध्ये एच आहे की नाही, मधलं नाव घालायचं की नाही, हेही तसंच. त्याच नावाचा दुसरा कलाकार आधीच आहे का ते शोधा. असेल तर आडनाव किंवा गावाचं नाव जोडा. गाण्याचं शीर्षक देवनागरी किंवा रोमन एकाच लिपीत द्या. दोन्ही एका ओळीत कोंबली तर ते परत येण्याची शक्यता असते.

भाषेच्या रकान्यात काय? गाणी अहिराणीत आहेत.

वितरकाच्या यादीत मराठी सापडते, कोकणीही कुठे कुठे असते, अहिराणी आणि वऱ्हाडी सहसा नसतात. तिथे मराठी निवडा आणि वर्णनात 'अहिराणी' स्पष्ट लिहा. घाईत हिंदी निवडलं तर गाणं हिंदीच्या ढिगात पडतं.

गाण्याचे शब्द युनिकोडमध्येच टाइप करून द्या. डीटीपीवाल्याकडची श्रीलिपी किंवा कृतिदेव या जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधली फाइल तशीच चिकटवली तर पडद्यावर रोमन अक्षरांची खिचडी दिसते. अनुस्वार आणि रफार स्वतः तपासा.

मुखपृष्ठ?

चौरस, ३००० बाय ३००० पिक्सेल, आरजीबी. छापखान्यासाठी केलेली सीएमवायके फाइल चालत नाही. वेबसाइट, फोन नंबर, समाजमाध्यमांची चिन्हं, प्रायोजकाचा लोगो यांतलं काहीही टाकलं तर नाकारतात.

तारीख कधीची धरायची आणि आधी काय करायचं?

जगभर नवं संगीत शुक्रवारी येतं, ही पद्धत जुलै २०१५ पासून आहे. सगळ्या फाइल्स वितरकाकडे चार ते सहा आठवडे आधी पोचल्या पाहिजेत. स्पॉटिफायच्या संपादकांकडे गाणं सुचवायचं तर ते प्रकाशनाआधी निदान सात दिवस, आणि अल्बममधलं एका वेळी एकच. विठ्ठलाची गाणी असतील तर आषाढी एकादशीला नव्हे, पालख्यांच्या प्रस्थानाआधी आणा. एकादशीला लोक पंढरपुरात असतात.

अल्बमआधी दोन-तीन गाणी सुटी सोडणार असाल, तर अल्बममध्ये तीच फाइल आणि तोच आयएसआरसी क्रमांक वापरा. १२ अक्षरांचा हा क्रमांक म्हणजे रेकॉर्डिंगचं आधारकार्ड. तो बदलला की आधीचे प्ले अल्बमला जोडले जात नाहीत. वितरक निवडताना वर्षाची वर्गणी थांबली तर गाणी उतरवतात का, हे पहिलं विचारा. बऱ्याच ठिकाणी उतरवतात.

माझ्याच गाण्यावर यूट्यूबने कॉपीराइटचा दावा लावला, हे कसं?

वितरकाने तुमच्या वतीने कंटेंट आयडी (यूट्यूबची गाणं आपोआप ओळखून दावा लावणारी यंत्रणा) चालू केला आणि तुम्ही तेच गाणं स्वतःच्या वाहिनीवर टाकलं, म्हणून. वितरकाकडे वाहिनीला सूट द्यायला सांगा, एवढंच. गाण्यात तयार लूप किंवा फुकट मिळालेला बीट असेल तर मात्र कंटेंट आयडी चालूच करू नका. तोच लूप वापरणाऱ्या दुसऱ्यांच्या गाण्यांवर तुमच्या नावाने दावे जातील आणि भांडण अंगावर येईल.

अमुक पैशांत लाखभर प्ले देतो म्हणणारे लोक खरे असतात का?

प्ले येतात, ऐकणारे येत नाहीत. कृत्रिम प्ले सापडले की ते वजा होतात, वितरकाला दंड बसतो आणि तो गाणं उतरवतो. ते पैसे पाच गावांतल्या छोट्या कार्यक्रमांच्या ध्वनियंत्रणेवर घाला.

सीडी काढावी का?

कार्यक्रमात विकायला शंभर-दोनशे, तेही शब्दांच्या पुस्तिकेसह. लोक पुस्तिकेसाठी घेतात.

पैसे कधी आणि किती?

३० सेकंद ऐकलं तरच प्ले मोजला जातो. स्पॉटिफायवर मागच्या १२ महिन्यांत १,००० प्ले न झालेल्या गाण्याला २०२४ पासून काही मिळत नाही. हिशेब दोन-तीन महिने मागे चालतो, म्हणजे गुढीपाडव्याला आलेल्या अल्बमचं पहिलं विवरण आषाढात दिसलं तर घाबरू नका. वितरक अमेरिकी असेल तर करविषयक डब्ल्यू-८बेन अर्ज पॅन क्रमांकासह पहिल्याच दिवशी भरा. तो भरला तर अमेरिकेतल्या कमाईवर भारताशी असलेल्या कराराप्रमाणे साधारण १५ टक्के कापतात, नाही भरला तर ३०. नाव पॅनवर आहे तसंच लिहा, मंचावरचं नको. पैसे अडकतात ते बहुतेक याच एका ओळीत.